दहा टक्क्यांच्या आत असूनही चोरी असू शकते

नमस्कार. थिसिस जमा करायची तारीख जवळ आली की नागपूर विद्यापीठाच्या अमरावती रोडच्या कॅम्पसपासून बाइंडिंगच्या दुकानापर्यंत एकच प्रश्न असतो: "किती टक्के आले?" म्हणजे, थिसिसचा किती भाग आधीच्या लेखनाशी जुळतो असं तपासणीच्या सॉफ्टवेअरचा रिपोर्ट सांगतो. त्या टक्क्यांकडे आपण येऊच. पण वाङ्मयचौर्य, म्हणजे दुसऱ्याचं लेखन स्वतःचं म्हणून देणं, बहुतेक वेळा थिसिस लिहिताना होतच नाही. ते सहा महिने आधी, टिपणं काढताना होऊन गेलेलं असतं.

समजा, तुमचा विषय नागपुरी संत्रा आहे. एका पुस्तकातलं वाक्य तुम्ही वहीत उतरवलं. पुस्तकाचं नाव लिहिलं नाही, पान लिहिलं नाही, अवतरणचिन्हही दिलं नाही. सहा महिन्यांनी वही उघडली की ते वाक्य तुम्हाला तुमचंच वाटतं. इथे हेतू वाईट नाही, पण तपासणाऱ्याला हेतू दिसत नाही, मजकूर दिसतो.

म्हणून टिपणाला तीन खुणा ठेवा. शब्दशः उतरवलं तर "अ", म्हणजे अवतरण. स्वतःच्या शब्दांत सार लिहिलं तर "सा". वाचताना सुचलेला स्वतःचा विचार असेल तर "मी". "अ" आणि "सा" यांच्यापुढे लेखक, वर्ष आणि पान तिथल्या तिथे लिहायचं, नंतर नाही. कॉम्प्युटरवर काम करत असाल तर कॉपी-पेस्ट केलेला प्रत्येक शब्द लाल रंगात ठेवा. फाईलमध्ये लाल अक्षर उरलं असेल तोवर ती गाईडकडे पाठवायची नाही.

आता सगळ्यात जास्त गफलत होते ती "स्वतःच्या शब्दांत" या दोन शब्दांत. उदाहरणासाठी आम्हीच एक वाक्य तयार केलंय. त्यातला मृग बहार म्हणजे पावसाळ्याच्या सुरुवातीला येणारा संत्र्याचा फुलोरा आणि शाकीय वाढ म्हणजे पानाफांद्यांची वाढ.

[पडद्यावर: मूळ] "मृग बहार घेण्यासाठी संत्र्याच्या बागेचे पाणी मे महिन्यात तोडले जाते, ताण बसल्यावर झाडाची शाकीय वाढ थांबते, अन्नसाठा होतो आणि पावसाचे पाणी मिळताच फुले येतात."

[पडद्यावर: चूक] "मृग बहार मिळवण्यासाठी संत्रा बागेचे सिंचन मे महिन्यात बंद केले जाते, ताण पडल्यावर वृक्षाची शाकीय वाढ खुंटते, अन्नसंचय होतो आणि पावसाचे जल मिळताच फुलोरा येतो."

पाण्याचं सिंचन आणि जल झालं, झाडाचा वृक्ष झाला. वाक्याचा सांगाडा जागचा हलला नाही. पुढे संदर्भ दिला तरी हे चुकीचंच, कारण शब्दरचना तुमची असल्याचा आव त्यात आहे.

[पडद्यावर: बरोबर] "मृग बहार हा झाडाला मुद्दाम दिलेल्या ताणाचा परिणाम आहे. पाणी नसताना झाड नवी पालवी काढत नाही आणि साठलेले अन्न पहिल्या पावसानंतर फुलांच्या कामी येते (लेखकाचे आडनाव, वर्ष). त्यामुळे पाऊस लांबला तर बागायतदाराचे गणितही लांबते."

कंस कुठे आहे ते बघा. दुसऱ्या वाक्यानंतर. तिसरं वाक्य तुमचं अनुमान आहे, ते मूळ लेखकाच्या नावावर घालणंही अप्रामाणिकच. असं लिहायची रीत सोपी आहे: उतारा दोनदा वाचा, पुस्तक मिटा, समोरच्या माणसाला समजावल्यासारखं लिहा, मग पुस्तक उघडून तथ्य तपासा. पुस्तक उघडं ठेवून लिहिलं की हात आपोआप त्याच सांगाड्यावर जातो.

आता टक्के. विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०१८ चे विनियम आहेत. १० टक्क्यांपर्यंत साम्य असेल तर शिक्षा नाही. १० च्या वर ४० पर्यंत असेल तर ठरवून दिलेल्या मुदतीत, जास्तीत जास्त ६ महिन्यांत, सुधारून द्यायचं. ४० च्या वर ६० पर्यंत असेल तर वर्षभर सुधारित प्रत देता येत नाही. ६० च्या वर नोंदणीच रद्द. पदवी मिळाल्यानंतर चौर्य सिद्ध झालं तर पदवी स्थगित होऊ शकते.

पण तपासणीचं सॉफ्टवेअर मोजतं ते साम्य, चोरी नव्हे. पंधरा टक्क्यांतला बराचसा भाग संदर्भसूची असू शकतो, विनियमांनुसार ती मोजणीतून वगळायची असते. उलट, चार टक्क्यांत दुसऱ्याचा अख्खा निष्कर्ष असू शकतो. म्हणून रिपोर्टचा पहिला आकडा बघून फाईल बंद करू नका, रंगवलेली प्रत्येक ओळ वाचा. विनियमांतली सलग १४ शब्दांपर्यंतची जुळणी न मोजण्याची सूटही लोक उलटी वाचतात. ती सर्वसामान्य माहिती किंवा योगायोगाने जुळलेल्या शब्दांसाठी आहे. चौदा-चौदा शब्द उचलायचा तो परवाना नव्हे.

मराठीत लिहिणाऱ्यांसाठी आणखी दोन गोष्टी. पहिली, फॉन्ट. कृतिदेव किंवा तशाच जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर पडद्यावर मराठी दिसतो, पण फाईलच्या आत ती रोमन अक्षरांची सरमिसळ असते. सॉफ्टवेअरला ती जुळत नाही आणि रिपोर्ट शून्याजवळ येतो. त्या शून्याला काही अर्थ नाही. आधी तो मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकाला खरी मराठी अक्षरं म्हणून कळणाऱ्या रूपात, बदला, जोडाक्षरं आणि रफार नजरेखालून घाला, मगच तपासणीला द्या.

दुसरी, भाषांतर. नागपुरात हिंदी आणि मराठी शेजारी नांदतात. हिंदीतलं एखादं प्रकरण दहा मिनिटांत मराठी होतं, इंग्रजीचं यंत्राकडून होतं. सॉफ्टवेअरच्या नजरेतून ते बऱ्याचदा सुटतं, विषय जाणणाऱ्या परीक्षकाच्या नाही. युक्तिवादाचा क्रम, उदाहरणं, उपशीर्षकं तीच असतात. भाषांतर करायला हरकत नाही, पण भाषांतर केलंय हे लिहा, मूळ लेखकाचं नाव आणि पान द्या. आणि एखादं मत तुम्ही दुसऱ्याच्या पुस्तकात उद्धृत झालेलं वाचलं असेल तर मूळ ग्रंथ वाचल्यासारखा संदर्भ देऊ नका. मूळ लेखकाचं नाव घ्या आणि कुणाच्या पुस्तकातून घेतलं तेही सांगा.

हे फक्त पीएचडीवाल्यांचं नाही. ऑफिसात प्रकल्प अहवाल बनवताना जुना अहवाल उघडून नावं बदलली जातात आणि उमरेडच्या अहवालात काटोलची लोकसंख्या राहून जाते. मग त्या आकड्यावर पाण्याच्या टाकीचा हिशोब होतो. जुना मजकूर तुमच्याच संस्थेचा असला तरी "अमुक वर्षीच्या अहवालातून" अशी एक ओळ लिहिली, तर आकडा जुना आहे हे वाचणाऱ्याला लगेच कळतं. स्वतःचा आधी छापलेला निबंध पुन्हा नवा म्हणून देणं हेही चौर्यच. त्याबद्दल आयोगाने २०२० साली वेगळी सूचना काढली आहे.

श्रेय आणि परवानगी यांतही फरक करा. महात्मा फुले १८९० साली गेले. कॉपीराइट लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं राहतो, म्हणजे त्यांचं लेखन छापायला परवानगी लागत नाही. पण त्यांचं वाक्य त्यांच्या नावाशिवाय वापरलं तर ती चोरीच. उलट, आजच्या छायाचित्रकाराचा फोटो नाव देऊन पुस्तकात छापला, तरी परवानगीचा प्रश्न उरतोच.

एआयने दिलेला प्रत्येक संदर्भ ग्रंथालयात किंवा मूळ नियतकालिकात शोधून उघडा. खरं वाटणारं शीर्षक, खरा वाटणारा लेखक, आणि असा लेखच नाही, असं घडतं.

रिपोर्ट शेवटच्या आठवड्यात काढू नका, प्रत्येक प्रकरण संपलं की काढा. "टक्के कमी करून देतो" म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका, तो वृक्ष-जल छापाचे शब्दच बदलतो आणि वाक्यं बिघडवून ठेवतो. आणि तुमच्याच लेखनात असा परिच्छेद सापडला, जो तुमचा की दुसऱ्याचा हे आठवत नाही, तर त्यातले सलग सात-आठ शब्द अवतरणचिन्हांत घालून शोधा, वही उलटा, वाचलेली पुस्तकं पुन्हा चाळा. मूळ सापडलं तर संदर्भ द्या. नाही सापडलं तर तो परिच्छेद काढून टाका.