वादळ, आत्या आणि तांदळाच्या डब्यातली किल्ली

श्रोतेहो, नमस्कार.

आज बोलायचंय वादळाबद्दल. वादळाच्या बातमीबद्दल नव्हे, ती तुम्ही ऐकताच. घरात एकच माणूस आहे, शेजारचं घर हाकेच्या पलीकडे आहे, आणि समुद्रावरून वादळ येतंय. त्या माणसानं ते चार-सहा तास कसे काढायचे, एवढाच आजचा विषय. आणि अशी माणसं आपल्याकडे थोडी नाहीत हो. श्रीवर्धनपासून वेंगुर्ल्यापर्यंत कुठल्याही वाडीत शिरा. बरीचशी घरं कुलूपबंद दिसतील, आणि उघड्या घरांपैकी कितीतरी घरांत ओटीवर एकटी आजी नाहीतर एकटे आजोबा. मुलगा डोंबिवलीला, मुलगी पुण्याला, गणपतीत सगळे येतात. पण वादळ काही गणपतीत येत नाही.

अरबी समुद्रातली वादळं येतात ती बहुतेक दोन हंगामांत. एक पावसाळ्याच्या तोंडावर, मे-जूनमध्ये, आणि दुसरा पाऊस सरल्यावर, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये. फयान आलं 2009 साली, 11 नोव्हेंबरला. निसर्ग आलं 2020 साली, 3 जूनला. तौक्ते 2021 च्या मे महिन्यात. ते कोकणात चढलं नाही, किनाऱ्याकिनाऱ्यानं वर सरकत गुजरातेत गेलं, पण जाता जाता रत्नागिरी-सिंधुदुर्गातला आंबा झोडपून गेलं. म्हणजे आंबे उतरवायचे दिवस आणि भात झोडायचे दिवस, नेमकी हीच वेळ. घरात माणूस कमी आणि अंगणात माल जास्त.

आता तयारीचं भराभर सांगते, कारण त्यातलं बरंचसं तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतं. बंदरावर बावटा लागला, रेडिओवर रेड अलर्ट ऐकला, की पहिलं काम पाण्याचं. वीज जाणार, म्हणजे पंप बंद. हंडे, कळशा, बादल्या, न्हाणीघरातली टाकी, सगळं भरून ठेवा. पूर्वी विहिरीवर रहाट असायचा. पंप आले आणि लोकांनी रहाट काढून अंगणात शोभेला ठेवले, त्यात शेवंतीच्या कुंड्या लावल्या. निदान एक पोहरा आणि दोर तरी घरात असू द्या. पुन्हा सांगते, पोहरा आणि दोर.

दुसरं, गोळ्या. बीपीच्या, साखरेच्या, ज्या काय असतील त्या पंधरा दिवसांच्या तरी हाताशी हव्यात. तिसरं, कागद. सातबारा, घरपट्टीची पावती, पासबुक, आधार, हे सगळं प्लास्टिकच्या पिशवीत घालून, गाठ मारून, तांब्या-पितळेच्या डब्यात. चौथं, गुरांची दावी सोडा. बांधलेलं गुरू गोठ्याखाली सापडतं, सुटं गुरू आपली जागा शोधतं. हे चौथं नीट लक्षात ठेवा, पुढे त्याचं काम पडणार आहे.

घराचं म्हणाल, तर वाऱ्याच्या अंगाची दारं-खिडक्या घट्ट लावा. वारा आत शिरला की छताला खालून रेटतो, वरून ओढतोच आहे, मग छप्पर उचललं जातं. इथं माझं एक मत सांगते, कोणाला राग आला तर येवो. पत्रा हा आपल्या हवेचा माल नाही. कौलं उडतात, मान्य, पण ती सुटी सुटी उडतात, मधून वारा निघून जातो, खालची रीप-वासे जागेवर राहतात. पत्रा उडतो तो चार वासे घेऊन आणि शेजाऱ्याच्या ओटीवर जाऊन पडतो. लोक म्हणतात, कौलं शाकारायला माणूस मिळत नाही, माकडं येतात, पत्रा स्वस्त पडतो. पडतो स्वस्त, वादळ येईपर्यंत. असो. पत्रे असतीलच तर त्यांवर दगड ठेवू नका, ते दगड वाऱ्यावर स्वार होतात. तारेनं आवळा.

आता मुद्द्याचं. घरात चार माणसं असली आणि वादळात मागच्या अंगणात काही धडकन पडलं, की एक जण उठतो. म्हणतो, जरा बघून येतो. दुसरा त्याचा हात धरून खाली बसवतो. एकट्या माणसाचा हात धरायला कोणी नसतं. वाऱ्यानं घर पडून माणूस सापडतो त्यापेक्षा, मला वाटतं, नको त्या वेळी दार उघडून बाहेर गेल्यानं जास्त सापडतो. कौल, पत्रा, नारळ, झावळ, फांदी, हे सगळं बाहेर आहे, आत नाही. एकट्यानं ही बाहेर जायची ओढ कशी आवरायची? यावर माझ्या आत्यानं काढलेला उपाय सांगते. तो तसाच करू नका, हे आधीच सांगून ठेवते.

आत्याचं घर दिवेआगरच्या बाजूला, किनाऱ्यापासून आत. पुढे पोफळीची वाडी, मागे परसू, परसात गोठा आणि गोठ्याशेजारी मोठा कापा फणस. वय पंचाहत्तरीच्या पुढे. मुलगा बोरिवलीला. त्यानं आईवर लक्ष राहावं म्हणून ओटीवर कॅमेरा बसवून दिला होता. वीज गेली की कॅमेरा आंधळा, हे त्या एवढ्या शिकलेल्या मुलाला कोणी सांगावं? आत्या त्या कॅमेऱ्यावर टॉवेल वाळत घालायची.

तर 2020 चा जून. लॉकडाऊन चालू, एस.टी. बंद, मुलगा येऊ शकत नाही. आदल्या संध्याकाळी ग्रामपंचायतीची माणसं येऊन सांगून गेली, शाळेत चला. आत्या म्हणाली, माझं घर शाळेपेक्षा जुनं आहे, शाळेवर पत्रे आहेत. बघा, पत्र्यांबद्दलचं माझं मत कुठून आलं ते. माणसांनी घराच्या भिंती पाहिल्या, माजघरावरचा माळा पाहिला, आणि शेजारच्या वाडीतल्या एका भावोजींना लक्ष ठेवायला सांगून ती गेली.

सकाळपासून वारा सुरू झाला, तो डोंगराच्या अंगानं, म्हणजे घराच्या पाठीमागून. आत्यानं हरणीचं दावं सोडलं. हरणी म्हणजे गाय. पुढच्या दाराला अडसर घातला. मागच्या दाराला कुलूप लावलं आणि ती किल्ली घेऊन तांदळाच्या मोठ्या पत्र्याच्या डब्यात कोपरापर्यंत हात घालून तळाशी सोडून दिली. वरून तांदूळ सारखे केले, झाकण लावलं.

का, म्हणून मी तिला विचारलं. ती म्हणाली, अगो, मला माझे पाय ठाऊक आहेत. फयानच्या वेळी अंगणात भात वाळत होतं, ते गोळा करायला मी धावले होते. कौलाचा तुकडा खांद्यात बसला. त्या वेळी तुझे काका होते, त्यांनी ओढत आत आणली. आता ओढायला कोण आहे? म्हणून किल्ली तांदळात.

दुपार झाली. तुम्ही त्या पट्ट्यातले असाल तर तुम्हाला मी काय सांगणार. ताशी 110 ते 120 किलोमीटरचा वारा. आत्या माजघरात माळ्याखाली पाटावर बसून रामरक्षा म्हणत होती. किती वेळा म्हटलीस, विचारलं तर म्हणते, मोजली नाही, सारखी मधेच विसरत होते. पडवीची कौलं गेली. पुढच्या पोफळी आडव्या व्हायला लागल्या, एकेक मोडताना आवाज येई.  पुढच्या दाराला अडसर, मागची किल्ली तांदळात.

आणि मग वारा पडला. एकदम. पान हलेना. वर उजेड आला. आत्याला वाटलं, संपलं. उशाशी सेलवरचा रेडिओ चालू होता, त्यावर सांगत होते की वादळाचा मधला भाग जातोय, मागची बाजू अजून यायची आहे, बाहेर पडू नका. तेवढ्यात परसातून हरणी हंबरली. मागच्या दाराशी येऊन, दाराला शिंग घासत.

आत्या म्हणते, बाई रेडिओवर सांगत होती ते मला कळत होतं. पण गाय ओरडत असताना त्या बाईचं कोण ऐकतं?

आत्या उठली, तांदळाच्या डब्याशी बसली, हात घातला. पहिलं हाताला लागलं मापटं. मग कीड लागू नये म्हणून घातलेला कडुलिंबाचा पाला. मग पुन्हा मापटं. तिकडे हरणी हंबरते आहे, इकडे आत्या तिला दारातूनच ओरडून सांगते आहे, आले, आले, थांब ग बाई, तुला गोठ्यात नेते. अर्धे तांदूळ परातीत काढले. किल्ली नाही. उरलेले सुपात काढले. डबा उलटा केला, तेव्हा कुठे किल्ली खणकन खाली पडली.

ती उचलून आत्या दाराशी पोचते न पोचते, तो वारा परत आला. या खेपेला उलटा, समुद्राकडून. दोन पोफळी येऊन पुढच्या दारावरच पडल्या. आणि परसातला तो कापा फणस मुळासकट उपटून गोठ्यावर आडवा झाला. ज्या गोठ्यात ती हरणीला नेणार होती, त्याच गोठ्यावर.

हरणी? हरणी मागच्या भिंतीला चिकटून उभी राहिली. वारा आता पुढून होता, त्यामुळे मागची भिंत आडोशाची झाली होती. गाईला ते कसं कळलं, ते गाईला विचारा. वारा पुरता निवल्यावर आत्यानं दार उघडलं, तर ही अंगभर पाला घेऊन रवंथ करत उभी.

ही गोष्ट आत्यानं मला पुष्कळदा सांगितली आहे, आणि दर खेपेला त्यात एखादा फणस वाढतो. पण वाऱ्याचं उलटणं तिच्या पदरचं नाही, ते शास्त्र आहे. आपल्या बाजूची चक्रीवादळं घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरतात. मधोमध शांत जागा असते, तिला डोळा म्हणतात. डोळा आपल्यावरून जातो तेव्हा वारा पडतो, आणि डोळा सरकला की पलीकडच्या बाजूचा वारा येतो, तो विरुद्ध दिशेनं. आधीच्या वाऱ्यानं हलकं झालेलं झाड दुसऱ्या दिशेनं ढकललं की उन्मळतं. म्हणून पुन्हा सांगते. वारा अचानक पडला तर बाहेर जाऊ नका. वारा अचानक पडला तर बाहेर जाऊ नका. रेडिओवर वादळ पुढे गेलं असं सांगेपर्यंत आतच बसा.

आणि किल्ली लपवू नका हो! आढं खाली आलं, चुलीचा विस्तव कुठे उडाला, तर बाहेर पडता यायला हवं. किल्ली कुलपालाच असू द्या. ओढ आवरायची तर शेजाऱ्याशी आधी बोलून ठेवा. आत्यानं आता भावोजींशी ठरवलंय की वारा निवला की तिनं पुढच्या खांबाला पांढरं फडकं बांधायचं. दिसलं तर ठीक, अंधार पडायच्या आत दिसलं नाही तर त्यांनी दोन माणसं घेऊन यायचं. फोनवर भिस्त ठेवू नका, मनोरे पडतात. लागलाच तर जिल्ह्याच्या आपत्ती कक्षाचा नंबर 1077 आहे, तो भिंतीवर मोठ्या आकड्यांत लिहून ठेवा. आणि वादळाच्या दिवशी व्हॉट्सअॅपवर येणारे ते लाटांचे व्हिडिओ बघत बॅटरी संपवू नका. निम्मे दुसऱ्याच देशातले असतात.

वादळानंतरचं थोडक्यात, वेळ कमी आहे. जमिनीवर पडलेली तार जिवंतच समजा. छपरावर एकट्यानं चढू नका. पडलेल्या लाकडाखाली हात घालताना आधी काठी घाला, साप-जनावर आसऱ्याला आलेलं असतं. विहिरीत पाला कुजतो, टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, टाकल्याशिवाय ते पाणी पिऊ नका. आणि झाडं कापून बाजूला काढायच्या आधी मोजा, फोटो काढा, तलाठ्याला दाखवा. निसर्गनंतर पोफळीला झाडामागे 50 रुपये आणि माडाला 250 असा मदतीचा दर लागला. पोफळ फळायला सहा-सात वर्षं, त्यावर आत्या काय बोलली ते मी रेडिओवर सांगू शकत नाही. पण ज्यानं झाडं मोजून वहीत लिहिली होती त्याला ते तरी वाद न घालता मिळाले.

तिसऱ्या दिवशी वटपौर्णिमा होती. गावचा वड आडवा पडलेला. बायकांनी आडव्या वडालाच सूत गुंडाळलं, आणि मग सगळ्या मिळून आत्याच्या पुढच्या दारावरच्या पोफळी उचलायला आल्या. तोवर आत्या मागच्या दारानंच जात-येत होती. मुलगा रस्ता सुरू झाल्यावर आला, म्हणाला, आता बोरिवलीला चल. आत्यानं विचारलं, तुमच्या त्या चौदाव्या मजल्यावर वारा लागतो का रे? तो म्हणाला, लागतो. मग मी इथंच बरी, म्हणाली.

समोरून मला वेळ संपल्याची खूण होते आहे, तेव्हा एकच काम सांगते. रेडिओचे सेल आजच घेऊन ठेवा. मोठ्या सेलची जोडी हल्ली प्रत्येक दुकानात मिळत नाही, आणि बावटा लागल्यावर तर मुळीच मिळत नाही. नमस्कार.