घरी राहिलेल्या वह्या

मागच्या रांगांमध्ये बरेच पालक बसलेत, म्हणून पोर्टफोलिओ, म्हणजे आपल्या निवडक कामांचा संच, कुठे लागतो ते आधी सांगून टाकते, म्हणजे घरी गेल्यावर वाद नकोत. आयआयटी मुंबई यूसीड नावाची जी प्रवेश परीक्षा घेते, ती बारावीनंतर बी.डेस., म्हणजे डिझाइनच्या पदवीसाठी असते आणि तिथल्या प्रवेशाला पोर्टफोलिओ लागत नाही. सीड ही परीक्षा देऊन एम.डेस.ला, म्हणजे डिझाइनच्या पदव्युत्तर शिक्षणाला जायचं असेल तर मात्र मुलाखतीत तो बऱ्याच ठिकाणी बघतात. परदेशातल्या कलाशाळा बहुधा अर्जासोबतच मागतात. आणि स्टुडिओत नोकरीला गेलात तर मार्कशीटच्या आधी तुमच्या पोर्टफोलिओची लिंक उघडली जाते.

मी बावीस वर्षांची असताना पुण्यातल्या एका स्टुडिओत माझा पोर्टफोलिओ घेऊन गेले होते. चाळीस चित्रं होती. ट्यूटोरियल बघून केलेला यंत्रमानव, नावाजलेल्या कॉमिक्समधली पात्रं, चमकदार तलवारी. समोरचे सर भराभर पुढे जात होते. एका पानावर थांबले. स्वारगेटला एसटीची वाट बघताना काढलेलं पेन्सिलचं स्केच होतं ते, बाकावर झोपलेला कंडक्टर. त्याच्या पिशवीचा पट्टा खांद्यात रुतला होता आणि तिथे शर्टाला चुण्या पडल्या होत्या. "हे तुमचंच?" त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. "असं आणखी आहे?" होतं की, पाच वह्या भरून होतं. पण त्या वह्या मी घरी ठेवून आले होते, कारण पोर्टफोलिओत शोभेल ते पक्कं, रंगवलेलं, कॉम्प्युटरवरचंच, असं मी धरून चालले होते. ते काम मला मिळालं नाही. त्याची हळहळ अजून वाटते, म्हणून तर आज तुमच्यासमोर उभी आहे.

माझ्या एका विद्यार्थिनीचं काम सांगते. तिला गेमसाठी जुन्या बाजाराचं दृश्य करायचं होतं. तिने पुण्यातली आपली मंडई घेतली. 1886 सालची इमारत, तेव्हाचं रे मार्केट, मधे तो अष्टकोनी मनोरा. ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये मॉडेल छान उभं राहिलं, पण बाजार काही जिवंत वाटेना. उजेड सगळा वरून पडत होता, ट्यूटोरियलमध्ये पडतो तसा. मी तिला म्हटलं, पहाटे जाऊन ये. ती तीनदा गेली. तिसऱ्या दिवशी तिच्या लक्षात आलं की गाळ्यावरचा दिवा खाली, भाजीच्या अगदी जवळ टांगलेला असतो. उजेड टोमॅटोच्या ढिगावर पडून वर उलटतो आणि विकणाऱ्या मावशींच्या हनुवटीखाली, बांगड्यांवर लालसर छटा येते. तिने वहीत तेवढंच टिपलं होतं. एक हनुवटी, एक बाण आणि शेजारी लिहिलेलं, 'लाल खालून'.

पोर्टफोलिओत तिने काय केलं, तर पहिल्या पानावर पूर्ण दृश्य, पुढच्या पानावर फसलेला उजेड आणि सुधारलेला उजेड शेजारी शेजारी, मधे ते वहीचं पान. मुलाखतीत बराच वेळ त्याच पानावर बोलणं झालं. हे मन लावून बघणं सॉफ्टवेअरच्या कुठल्याच आवृत्तीत येत नाही.

आपल्या गावाला याची परंपरा आहे, बरं का. प्रभात ही चित्रपट कंपनी 1933 साली कोल्हापूरहून पुण्यात आली, तेव्हा तिचे कलादिग्दर्शक होते साहेबमामा फत्तेलाल. मुळात चित्रकार, बाबूराव पेंटरांच्या हाताखाली तयार झालेले. प्रभातच्याच स्टुडिओच्या जागेवर आज फिल्म इन्स्टिट्यूट आहे.

निवडीचं म्हणाल तर संस्थेने आकडा दिला नसेल तेव्हा दहा ते पंधरा कामं पुरतात. सगळ्यात चांगलं पहिलं, त्याच्या खालोखालचं शेवटी. अ‍ॅनिमेशनची शोरील, म्हणजे निवडक कामाची छोटी फिल्म, दीड मिनिटाच्या आत बसवा. आणि गटात केलेलं काम असेल तर स्पष्ट लिहा: मॉडेल माझं, रिगिंग (मॉडेल हलवण्यासाठी आत बसवलेला सांगाडा) मित्राचं. एआयने काही करून घेतलं असेल तर तेही लिहा. याबाबतीत मी फार हट्टी आहे. विचारणारा माणूस दोन प्रश्नांत ओळखतो, आणि मग तुमच्या खऱ्या कामावरचाही त्याचा विश्वास जातो.

वहीच्या पानांचे फोटो ट्यूबलाइटखाली काढू नका, कागद हिरवट दिसतो. दिवसा खिडकीपाशी, थेट ऊन नसेल तिथे काढा. स्क्रीनवर बघायची फाइल आरजीबीत, म्हणजे स्क्रीनच्या रंगपद्धतीत ठेवा. छपाईच्या रंगपद्धतीतली, सीएमवायके फाइल तशीच पाठवली तर रंग मेल्यासारखे दिसतात. आणि लिंक पाठवण्याआधी आईच्या नाहीतर शेजारच्या काकांच्या फोनवर उघडून बघा. 'परवानगी मागा' अशी पाटी आली म्हणजे बघणाऱ्यालाही तीच दिसणार, आणि ढिगाने अर्ज बघणारा माणूस तुमच्याकडे परवानगी मागत बसत नाही.

तुम्हाला आज वह्या आणायला सांगितल्या होत्या. टॅबलेट राहू द्या बाजूला. पिशवीत सगळ्यात खाली जी फाटकी वही असेल, दाखवायला संकोच वाटेल अशी, ती काढा. तिच्यापासूनच सुरू करू.