काकांची डावी बाजू

नमस्कार. पत्रिकेवर आजचा विषय छापलाय 'मोगादिशू १९९३ : शहरातली लढाई आणि शांतिसेनेचे धडे'. धडे शेवटी सांगतो. भूगोलाच्या मास्तराला तास मिळाला की तो आधी नकाशा काढतो, ही खोड निवृत्तीनंतरही गेलेली नाही. इथे फळा नाही, तेव्हा नकाशा तोंडीच काढतो.

त्याआधी एक तक्रार. मागे एका गावी याच विषयावर बोलायला बोलावलं होतं. संयोजक उत्साही. त्यांनी फलकावर पेटलेलं हेलिकॉप्टर रंगवलं आणि खाली लिहिलं, 'आकाशातून कोसळला काळ!' सभागृह भरलं हो. पण मी ट्रकांबद्दल बोलायला लागलो तशी मागची तरुण मंडळी एकेक करत चपला शोधायला गेली. आभार मानणारे गृहस्थ तर म्हणाले, "सरांनी हेलिकॉप्टरपर्यंत पोचायला हवं होतं." मी पोचलो होतो. दोन मिनिटांत पोचलो आणि पुढे गेलो, कारण पुढेच खरी गोष्ट आहे.

आता हकीकत. दिवस रविवार, ३ ऑक्टोबर १९९३. मोगादिशू शहर, सोमालियाची राजधानी, हिंदी महासागराच्या काठचं. मध्यभागी बकारा बाजार. आपल्याला वखारच आठवावी असं नाव, आणि अर्थही धान्याच्या कोठारांचाच. या बाजाराजवळ, ऑलिंपिक हॉटेलपाशी, एका घरात महंमद फराह ऐदीदचे दोन मोठे साथीदार येणार अशी खबर लागली. ऐदीद म्हणजे त्या वेळचा तिथला सर्वांत प्रबळ टोळीप्रमुख. हा माणूस काही वर्षं आधी सोमालियाचा राजदूत म्हणून आपल्या दिल्लीत होता. आणि त्याचा मुलगा? तो अमेरिकेच्या मरीन दलात होता आणि त्याच काळात अमेरिकेच्या सैन्याबरोबर सोमालियात दुभाषा म्हणून जाऊन आला. कादंबरीत लिहिलं तर संपादक परत पाठवेल.

तर त्या दोघांना पकडायचा अमेरिकेच्या सैन्याचा बेत असा. एकोणीस विमानं-हेलिकॉप्टरं, बारा गाड्या, एकशेसाठच्या आसपास माणसं. डेल्टा फोर्स, म्हणजे अमेरिकेचं खास पथक, त्याचे जवान घरात शिरणार, रेंजर, म्हणजे निवडक पायदळाचे सैनिक, दोरावरून उतरून चारी कोपरे धरणार, गाड्यांचा ताफा दाराशी येणार, कैदी भरायचे आणि विमानतळावरच्या तळावर परत. अंतर पाच किलोमीटर. वेळ, फार तर तास. दुपारी तीन बत्तीसला निघाले. इतकी खात्री की पुष्कळांनी रात्री बघायच्या दुर्बिणी तळावर ठेवल्या, पाण्याच्या बाटल्याही. ऊन कलायच्या आत परतायचंच आहे, ओझं कशाला? हे मला फार ओळखीचं वाटतं. आपण सिंहगडावर असेच जातो.

पुण्यात छाप्यावर बोलायचं आणि लाल महाल घ्यायचा नाही, हे जमणार नाही. घेतो, एका वाक्यात. १६६३ साली शायिस्तेखानावर जे चालून गेले ते त्याच वाड्यात वाढलेले होते, त्यांना डावं-उजवं कुणी वरून सांगायची गरज नव्हती. झालं. टाळ्या नकोत, वेळ जातो.

छापा म्हणाल तर यशस्वी झाला. चोवीस माणसं पकडली, हवे असलेले दोघे त्यांत होते. आरंभालाच एक रेंजर दोर न सापडून सत्तर फुटांवरून खाली आला. त्याला घेऊन तीन गाड्या पुढे निघाल्या. त्यांच्यावर असा गोळीबार झाला की पहिला मृत्यू तिथेच. मग चार वीसला पहिलं ब्लॅक हॉक हेलिकॉप्टर पडलं, खांद्यावरून डागायच्या रॉकेटनं. वीस मिनिटांनी दुसरं. हे झालं तुमचं हेलिकॉप्टर. संपलं.

आता माझ्या विषयाकडे येतो. त्यासाठी आधी आमच्या काकांकडे जावं लागेल.

शनिवार पेठेत माझ्या सौभाग्यवतींचे काका राहायचे. गणपतीचे दिवस, रस्त्यांवर मांडव, निम्म्या गल्ल्या बंद. आम्ही जेवायला निघालेलो, गाडी मी चालवत होतो, आणि शेवटच्या टप्प्यात रस्ता हरवला. काका हुशार. ते गच्चीवर गेले. गच्चीवरून त्यांना आमची गाडी स्वच्छ दिसत होती, पुढचे मांडवही दिसत होते. पण फोन खाली, दिवाणखान्यात, काकूंच्या हातात. काका गच्चीवरून ओरडणार, काकू जिन्यात येऊन ऐकणार, परत फोनपाशी जाऊन सांगणार, ते मागच्या सीटवर ही ऐकणार आणि मला सांगणार, "उजवीकडे घ्या." तोवर ती उजवीकडची गल्ली मागे पडलेली! मी म्हणायचो, "गेली ती." ही फोनवर म्हणायची, "गेली ती." काकू जिन्यातून ओरडायच्या, "अहो, गेली ती!" आणि वरून काका, "कोण गेली?"

एवढ्यावर भागलं नाही. काका आमच्याकडे तोंड करून उभे. त्यांची डावी ती आमची उजवी. हे कळायला आम्हाला एकाच मारुतीचं तीनदा दर्शन घ्यावं लागलं. काकांची काही चूक होती का? नाही. नजर तेज, माहिती अचूक. काकूही चोख. माझं वळणंही चोख. तरी आमटी गार झाली.

हसलात, बरं झालं. आता मोगादिशूत या.

हेलिकॉप्टर पडलं ती जागा छाप्याच्या घरापासून जेमतेम काही गल्ल्यांवर. लेफ्टनंट कर्नल डॅनी मॅकनाइट यांच्या ताफ्याला हुकूम झाला, कैद्यांना घेऊन आधी तिकडे जा. पायी गेलेल्या रेंजरांना ते ठिकाण सापडलंही. गाड्यांना सापडलं नाही. वर आकाशात नौदलाचं ओरायन विमान घिरट्या घालत होतं. त्याला ताफा दिसत होता, गल्ल्या दिसत होत्या, सगळं दिसत होतं. पण त्याला ताफ्याशी थेट बोलायची सोय नव्हती. विमान तळावरच्या नियंत्रण कक्षाला सांगणार, कक्ष वर फिरणाऱ्या कमांडच्या हेलिकॉप्टरला, आणि तिथून मॅकनाइटना. "डावीकडे वळा" हे शब्द येईपर्यंत डावीकडची गल्ली मागे गेलेली. मग पुढच्या गल्लीत वळायचं, ती भलतीकडे निघणार, किंवा समोर जळत्या टायरांचा अडथळा. वरून बघणाऱ्यांना वाटायचं, सांगूनही हे वळत का नाहीत? खाली गाडीतल्यांना वाटायचं, हे आम्हाला गोल गोल का फिरवतायत?

त्यात दुसरं हेलिकॉप्टर पडलेलं. म्हणजे आता ठिकाणं दोन. सांगणारा एका ठिकाणाबद्दल बोलतोय, ऐकणारा दुसऱ्याबद्दल समजतोय. ताफा ज्या रस्त्यावरून मार खात गेला त्याच रस्त्यावर परत आला. प्रत्येक चौकात दोन्ही बाजूंनी गोळ्या. चौकात थांबून मागच्या गाडीला आडोसा द्यावा तर थांबलेल्यावर मारा, न थांबावं तर मागची गाडी एकटी. आणि ट्रकांत कैदी बसलेले. ज्यांच्यासाठी हा सगळा खटाटोप, त्यांतले काही आपल्याच लोकांच्या गोळ्यांनी मेले. शेवटी जखमी इतके झाले की मॅकनाइटनी ताफा तळाकडे वळवला. अगदी जवळून गेले, पोचले नाहीत.

माझं म्हणणं एवढंच, आणि ते मी गेली वीस वर्षं मिळेल त्या व्यासपीठावर सांगतोय. मोगादिशूची दुपार रॉकेटनं हातची गेली असं सगळे म्हणतात. मी म्हणतो, ज्याला दिसत होतं त्याच्या हातात स्टिअरिंग नव्हतं आणि ज्याच्या हातात स्टिअरिंग होतं त्याला गल्लीपलीकडचं दिसत नव्हतं. मैदानावर या दोघांत अर्ध्या मिनिटाचं अंतर पडलं तर चालतं. गल्ल्यांच्या गावात अर्ध्या मिनिटात गल्ली मागे पडते.

अध्यक्षांची चिठ्ठी आलीय. दहा मिनिटं. नाही, चष्मा लावतो... सात. मग धडे घाईनं घ्या.

एक, सवय. ऑगस्टपासूनचा हा सातवा छापा. पद्धत दर वेळी जवळजवळ तीच. समोरचे लोक आंधळे नव्हते. हेलिकॉप्टर घिरट्या घालायला लागलं की रॉकेटनं टिपता येतं, हे सप्टेंबरातच एक ब्लॅक हॉक पाडून त्यांनी दाखवलं होतं. शिवाय भर दुपार, भर बाजार, शस्त्रं घरोघर.

दुसरं, राग. यावर खरं तर वेगळं व्याख्यान व्हावं. ५ जूनला संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेचे चोवीस पाकिस्तानी सैनिक मारले गेले, तिथून ऐदीदच्या मागे लागणं सुरू झालं. १२ जुलैला एका घरात जमलेल्या जमातीच्या वडीलधाऱ्यांच्या बैठकीवर हेलिकॉप्टरांतून क्षेपणास्त्रं सोडली. त्यानंतर अमेरिकेशी वैर हे एका टोळीप्रमुखाचं उरलं नाही, मोहल्ल्यांचं झालं. ३ ऑक्टोबरला धावून आलेले सगळे काही ऐदीदचे शिपाई नव्हते. त्या रात्रीत अमेरिकेचे अठरा गेले, सत्तरहून जास्त जखमी. सोमालींचा आकडा काही शे ते हजारावर, कुणाला विचाराल तसा. त्यात बायका-मुलंही होती.

तिसरं, गुप्तता. चिलखती गाड्यांची मागणी सप्टेंबरात वॉशिंग्टनमध्ये नाकारली गेली. संरक्षणमंत्री लेस अॅस्पिन यांना ते पुढे भोवलं. मग रात्री सुटकेला जायचं तर पाकिस्तानी रणगाडे आणि मलेशियाच्या चिलखती गाड्या मागून आणाव्या लागल्या. पण त्यांना छाप्याची आधी कल्पनाच दिलेली नव्हती. भाषा वेगळ्या, पद्धती वेगळ्या, सगळं बंदरावर जमवून निघायला अकरा वाजून गेले. अडकलेल्यांपाशी पोचायला मध्यरात्र उलटून दोन तास. पहाटे बाहेर पडताना गाड्यांत जागा नाही म्हणून काही जण चक्क पळत निघाले. दुसऱ्या ठिकाणच्या वैमानिकाला, माइक डुरंटला, ऐदीदच्या लोकांनी धरून नेलं आणि अकरा दिवसांनी सोडलं. त्याच्यासाठी उतरलेले डेल्टाचे दोघे, गॉर्डन आणि शुगहार्ट, मात्र परत आले नाहीत.

आणि पुढे काय? राष्ट्राध्यक्ष क्लिंटननी सैन्य परत बोलावलं, मार्च १९९४ पर्यंत. आपली ब्रिगेडही तेव्हा सोमालियात होती, बैदोआच्या बाजूला. तिचा अनुभव पार निराळा आहे. त्यावर माझ्याकडे चाळीस मिनिटं आहेत आणि अध्यक्षांकडे दोन.

म्हणून एकच सांगून बसतो. त्या रात्री सुटकेला निघालेल्या ताफ्यातल्या पुढच्या दोन मलेशियन गाड्या अंधारात वळण चुकल्या. भलत्या दिशेला गेल्या, सापडल्या, रॉकेटांनी फुटल्या. दुपारी हरवलेल्यांना आणायला निघालेले रात्री हरवले.

प्रश्न असतील तर विचारा. हेलिकॉप्टरबद्दल सोडून.