खोकणाऱ्या पिल्लाला कोणते प्रतिजैविक?

शेडमधला दिवा लागताच वराहाची पिल्ले उठून खाद्याकडे धावतात. मात्र कोपऱ्यातले एक पिल्लू उठल्याबरोबर थबकते, पाठीला बाक देऊन मान खाली घालते आणि एका दमात सात-आठ वेळा कोरडे खोकते. त्याच्या कुशी भात्यासारख्या हलत आहेत. निरोगी पिल्लाचे तापमान साधारण ३९ अंश सेल्सिअस असते, याचे ४०.५ भरले आहे.

अशा वेळी हाताशी असलेली पेनिसिलिनची बाटली उचलली जाते आणि चूक बहुधा तिथेच होते. आठवडेच्या आठवडे रेंगाळणाऱ्या कोरड्या खोकल्यामागे अनेकदा मायकोप्लाझ्मा हायोन्यूमोनिए हा जीवाणू असतो. श्वासनलिकेच्या आतील ज्या सूक्ष्म रोमांमुळे धूळ आणि जंतू बाहेर लोटले जातात, त्यांनाच तो चिकटतो व निकामी करतो. मग पाश्चुरेलासारख्या दुसऱ्या जीवाणूंना फुफ्फुसाची वाट मोकळी होते. पेनिसिलिन जीवाणूची पेशीभित्ती, म्हणजे पेशीभोवतीचे कवच, उभी राहू देत नाही, पण मायकोप्लाझ्माला मुळात पेशीभित्तीच नसते. त्याच्यासाठी टियाम्युलिन, टुलाथ्रोमायसिन किंवा डॉक्सिसायक्लिन यांसारखी, प्रथिनांची निर्मिती रोखणारी औषधे लागतात. त्यातही टियाम्युलिन देताना खाद्यात मोनेन्सिन किंवा सॅलिनोमायसिन ही मिसळली जाणारी औषधे नाहीत ना, हे आधी पाहावेच लागते, कारण हे मिश्रण पिल्लाच्या जिवावर बेतू शकते.

आदल्या संध्याकाळी धडधाकट असलेले पिल्लू सकाळी नाकाशी रक्ताळलेला फेस येऊन मेलेले आढळले, तर संशय ॲक्टिनोबॅसिलस प्लुरोन्यूमोनिए या जीवाणूवर जातो. तेथे उशीर परवडत नाही. पशुवैद्यकाने नमुना घ्यावा आणि अहवालाची वाट न पाहता आजारी पिल्लांना इंजेक्शन सुरू करावे. खोकला इन्फ्लुएन्झाच्या विषाणूमुळे असेल, तर मात्र त्या विषाणूवर कोणतेही प्रतिजैविक चालत नाही.

औषध द्यायचे कसे, हा प्रश्नही तितकाच मोलाचा आहे. आजारी पिल्लू सर्वांत आधी खाणे सोडते. खाद्यात मिसळलेले औषध त्यामुळे त्याच्याऐवजी त्याच्या धडधाकट भावंडांच्या पोटात जाते, आणि ज्याला गरज होती ते पिल्लू अपुऱ्या मात्रेवर राहते. अपुऱ्या मात्रेतून तगलेले जीवाणूच पुढे औषधाला दाद देईनासे होतात. म्हणून अशा पिल्लाचे वजन करून, कानामागे मानेच्या स्नायूत इंजेक्शन दिले जाते. ते टोचून झाल्यावर पिल्लाच्या पाठीवर रंगाची खूण केली जाते आणि नोंदवहीत तारीख, वजन, मात्रा आणि मांसासाठी पाळावयाचा प्रतीक्षाकाळ, म्हणजे औषधानंतर मांस वापरण्याआधी थांबायचे दिवस, लिहिला जातो. तिसऱ्या दिवशी तीच खूण शोधून पुन्हा ताप मोजतात. तो उतरलेला नसेल, तर मात्रा वाढवण्याआधी निदानच नव्याने तपासले जाते.