मिलिंग मशीनसाठी स्टेपर मोटर आणि ड्रायव्हर निवडताना

मित्रहो, हाताने फिरवायचे मिलिंग मशीन संगणकाच्या ताब्यात द्यायचे ठरले की बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो, स्टेपर मोटर, म्हणजे प्रत्येक विद्युत पल्सला ठरलेल्या कोनात एक स्टेप फिरणारी मोटर, किती टॉर्कची (फिरवण्याच्या जोराची) घ्यावी. प्रश्न स्वाभाविक आहे. मात्र जाहिरातीत जो आकडा ठळक छापलेला असतो तो होल्डिंग टॉर्कचा, म्हणजे मोटर थांबलेली असताना आणि कॉइलमधून पूर्ण प्रवाह वाहत असताना शाफ्ट बाहेरून जबरदस्तीने फिरवण्यासाठी लागणाऱ्या टॉर्कचा असतो. मिलिंग करताना मोटर फिरत असते, आणि फिरत्या मोटरचा टॉर्क वेग वाढेल तसा घसरतो. तो किती लवकर घसरेल हे मोटर, तिच्या कॉइलमध्ये प्रवाह सोडणारा ड्रायव्हर आणि पॉवर सप्लाय या तिघांवर मिळून ठरते. म्हणून आज आपण आधी मशीनचा स्क्रू पाहू, मग हवा असलेला वेग, मग व्होल्टेज, आणि मोटरकडे त्यानंतर वळू. 'नेमा २३' किंवा 'नेमा ३४' हे आकडे मोटरच्या पुढच्या चौकोनी तोंडाचे माप सांगतात, अनुक्रमे सुमारे २.३ आणि ३.४ इंच. ताकदीबद्दल त्यातून काहीही कळत नाही.

समजा, टेबलाला ५ मिलिमीटर पिचचा, म्हणजे एका फेऱ्यात टेबल ५ मिलिमीटर सरकवणारा, बॉलस्क्रू (नटमध्ये छोटे गोळे असलेला कमी घर्षणाचा स्क्रू) आहे. मोटरने त्याला १ न्यूटन-मीटर टॉर्क दिला आणि स्क्रूची कार्यक्षमता ९० टक्के धरली, तर टेबलावर सुमारे ११३० न्यूटन बल मिळते. त्याच पिचचा साधा ट्रॅपेझॉइडल स्क्रू असेल आणि त्याची कार्यक्षमता ३० टक्के धरली, तर तेच बल ३८० न्यूटनच्या आसपास येते. म्हणजे स्क्रू बदलल्याने जेवढा फरक पडतो तेवढा मोटरचा आकार एका पायरीने वाढवूनही पडणार नाही. गिब (टेबलाच्या सरकत्या भागातील सैलपणा घालवणाऱ्या पट्ट्या) नीट बसवलेले नसतील, टेबल एका टोकाला सैल आणि दुसऱ्या टोकाला घट्ट चालत असेल, तर मोटरचा टॉर्क घर्षणातच खर्ची पडतो. माझा आग्रह असा आहे की मोटर मागवण्यापूर्वी टेबल पूर्ण लांबीभर हाताने फिरवून पाहावे आणि सगळीकडे सारखा जोर लागेपर्यंत गिबवर काम करावे.

आता वेग. रिकाम्या हालचालीला मिनिटाला ३ मीटर वेग हवा असेल, तर ५ मिलिमीटर पिचचा स्क्रू मिनिटाला ६०० फेरे, म्हणजे सेकंदाला १० फेरे घेईल. १.८ अंशाच्या मोटरला एका फेऱ्यासाठी २०० पूर्ण स्टेप लागतात, म्हणून सेकंदाला २००० स्टेप झाल्या आणि प्रत्येक स्टेपच्या वाट्याला केवळ अर्धा मिलिसेकंद आला. कॉइल प्रवाहातील बदलाला विरोध करते, तिच्या या गुणाचे माप म्हणजे इंडक्टन्स. ३.२ मिलिहेन्रीच्या कॉइलमध्ये ३ अँपिअर प्रवाह उभा राहायला २४ व्होल्टवर सुमारे ०.४ मिलिसेकंद लागतात. जवळजवळ सगळी स्टेप प्रवाह चढण्यातच जाते, आणि फिरती मोटर स्वतः जे उलटे व्होल्टेज निर्माण करते ते धरले तर परिस्थिती आणखी बिकट होते. ४८ व्होल्टवर हाच वेळ निम्म्यावर येतो. मोटरच्या पाटीवर ३ व्होल्ट लिहिलेले असताना तिला ४८ व्होल्ट कसे द्यायचे, अशी शंका नवख्या माणसाला येते. ते ३ व्होल्ट प्रवाह आणि कॉइलचा रोध यांचा गुणाकार आहेत. आजचे ड्रायव्हर व्होल्टेज वेगाने चालू-बंद करून प्रवाह ठरलेल्या मर्यादेतच ठेवतात, त्यामुळे जास्त व्होल्टेजने कॉइल जळत नाही, प्रवाह लवकर चढतो.

किती व्होल्टेज पुरे, याचा एक अनुभवसिद्ध ठोकताळा आहे: मिलिहेन्रीतील इंडक्टन्सचे वर्गमूळ काढून त्याला ३२ ने गुणावे. ३.२ मिलिहेन्रीसाठी ५७ व्होल्ट येतात. त्यापलीकडे जाऊन विशेष फायदा होत नाही, मोटर मात्र तापते. या ठोकताळ्याने दोन मोटरी तोलून पाहा. एक ३ न्यूटन-मीटर, २ अँपिअर, ७ मिलिहेन्री, दुसरी १.९ न्यूटन-मीटर, ४.२ अँपिअर, १.८ मिलिहेन्री. पहिलीला ८५ व्होल्ट हवेत, दुसरी ४३ व्होल्टवर भागते. ४५ व्होल्टच्या आसपासचा सप्लाय असेल तर वरच्या वेगांवर कागदावर दुबळी दिसणारी दुसरी मोटर पहिलीच्या बरोबरीने, किंबहुना थोडी पुढेच राहते. आठ तारांची मोटर घेतल्यास ही निवड आपल्या हातात राहते, कारण कॉइल समांतर जोडल्या तर इंडक्टन्स एकसर जोडणीच्या चौथा हिस्सा होतो आणि त्या बदल्यात ड्रायव्हरला दुप्पट प्रवाह द्यावा लागतो. मिलिंगसाठी मी समांतर जोडणीच सुचवेन.

ड्रायव्हरचा प्रवाह वाचताना सावध राहावे. डीएम५४२ या प्रचलित ड्रायव्हरवरचा ४.२ अँपिअर हा शिखराचा आकडा आहे, आरएमएस, म्हणजे परिणामकारक प्रवाहाच्या, हिशेबाने तो ३ अँपिअर भरतो. मोटरच्या पाटीवरचा आकडा सहसा आरएमएस असतो, म्हणून वरच्या दुसऱ्या मोटरचा पूर्ण टॉर्क मिळवायला त्याहून मोठा ड्रायव्हर लागेल. सुरुवातीला शिखराचा आकडा मोटरच्या पाटीशी जुळवावा आणि मोटर फार तापत नसेल तरच वाढवावा. हात ठेवता येणार नाही इतकी गरम झालेली मोटर बिघडलेलीच असते असे नाही, बहुतेक स्टेपरना बाहेरून ८० अंश सेल्सियस चालतात. व्होल्टेजच्या बाबतीत मात्र मर्यादेला चिकटू नये. टेबल झपाट्याने थांबते तेव्हा मोटर जनित्रासारखी वागते आणि सप्लायचे व्होल्टेज क्षणभर वर ढकलते. ५० व्होल्ट मर्यादेच्या ड्रायव्हरला ४२ ते ४५ व्होल्ट पुरेत. तसेच ड्रायव्हर चालू असताना मोटरची तार कधीही काढू नये. ड्रायव्हर जळण्याचे याहून सोपे कारण दुसरे नाही.

मायक्रोस्टेपिंगबद्दल, म्हणजे ड्रायव्हरने एका पूर्ण स्टेपचे आणखी लहान भाग पाडण्याबद्दल, बराच गैरसमज आहे. त्यामुळे मोटर गुळगुळीत चालते आणि कमी वेगावरचा थरथराट कमी होतो, हा त्याचा खरा लाभ. अचूकता त्या प्रमाणात वाढत नाही. १/१६ मायक्रोस्टेपवर एका मायक्रोस्टेपचा फरक होल्डिंग टॉर्कच्या सुमारे १० टक्केच टॉर्क निर्माण करतो. घर्षण त्याहून जास्त असेल तर पहिल्या मायक्रोस्टेपला शाफ्ट जागचा हलतच नाही. ५ मिलिमीटर पिचला १/८ पुरेसे आहे: एक मायक्रोस्टेप सुमारे ०.००३ मिलिमीटरची होते आणि मघाच्या वेगाला सेकंदाला १६,००० पल्स लागतात. १/३२ वर हीच गरज ६४,००० होते आणि कंट्रोलरवर विनाकारण भार पडतो. सेकंदाला ५ ते १५ फेऱ्यांच्या पट्ट्यात काही मोटरी घुमू लागतात आणि अचानक थांबतात. हे अनुनादामुळे, म्हणजे ठरावीक वेगाला कंपने वाढत गेल्यामुळे, घडते आणि त्यावर मोठी मोटर हा उपाय नव्हे. त्यासाठी अनुनाद दाबणारा डिजिटल ड्रायव्हर निवडावा.

उभ्या अक्षाचा विचार वेगळा करावा. तिथे मोटरला हेडचे वजन सतत पेलावे लागते आणि बॉलस्क्रू असेल तर वीज जाताच हेड खाली सरकू शकते. गॅस स्प्रिंग किंवा प्रतिभार लावून वजन तोलल्यास आडव्या अक्षांचीच मोटर इथेही चालते.

जोडणीपूर्वी तारांची जोडी ओळखायला मीटर हाताशी नसला तरी चालते. चार तारांपैकी कोणत्याही दोन एकमेकींना टेकवून शाफ्ट बोटांनी फिरवावा. जोडी बरोबर असेल तर तो स्पष्टपणे जड लागतो.

मशीन उभे राहिल्यावर टेबलाला डायल गेज लावून अक्ष पूर्ण वेगाने अनेकदा पुढे-मागे पळवावा आणि शून्यावर परत आणावा. काटा किती चुकतो यावरून दोष कुठे आहे ते कळते. जोर अपुरा पडून मोटरच्या स्टेप सुटतात तेव्हा त्या चार पूर्ण स्टेपच्या पटीत सुटतात, म्हणजे ५ मिलिमीटर पिचला चूक ०.१, ०.२, ०.३ मिलिमीटर अशी दिसते. अशा वेळी प्रवेग किंवा वेग कमी करावा, अथवा व्होल्टेजचा पुन्हा विचार करावा. चूक दर फेरीला थोडीथोडी, एकाच दिशेने साठत जात असेल तर मोटरला दोष देऊ नये. दिशा बदलताना पल्स हरवत आहेत, म्हणून दिशेचा सिग्नल स्टेपच्या पुरेसा आधी, डीएम५४२ साठी किमान ५ मायक्रोसेकंद आधी, पोहोचतो का ते पाहावे. आणि चूक साठत नसेल, एका बाजूने येताना शून्य जुळते आणि दुसऱ्या बाजूने येताना तेवढाच फरक दर वेळी राहतो असे दिसले, तर तो बॅकलॅश, म्हणजे दिशा बदलताना जाणवणारा सांध्यांतील सैलपणा, आहे. तो नटमध्ये, बेअरिंगमध्ये किंवा कपलिंगमध्ये शोधावा.