सीएसटी ढासळलं, त्याची गोष्ट

[सकाळ. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस. फलाट.]

कल्याण फास्ट फलाटाला लागली. गाडी धड थांबलेलीही नाही आणि माणसं उतरून चालू पडली. वर बघायला कुणाला सवड नाही. वर या दगडी कमानी आहेत, दगडात कोरलेली पानंफुलं आहेत, घुमट आहे. १८७८ साली काम सुरू झालं आणि पुरं व्हायला दहा वर्षं लागली. २००४ पासून ही वास्तू युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे.

२०११च्या दिवाळीत हीच इमारत आपण पडद्यावर ढासळताना पाहिली.

[‘रा.वन’चं पोस्टर. रंग उडालेलं, कडा फाटलेल्या.]

‘रा.वन’. दिग्दर्शक अनुभव सिन्हा, नायक शाहरुख खान. २६ ऑक्टोबरला, ऐन लक्ष्मीपूजनाला प्रदर्शित झाला. पण त्याची हवा सुरू झाली होती फेब्रुवारी-मार्चमध्येच. क्रिकेट विश्वचषकाचे सामने चालू असताना त्याची झलक दिसायची. पुढे प्लेस्टेशनवर गेम आला. एकॉनच्या आवाजातलं ‘छम्मकछल्लो’ नवरात्रापर्यंत घरोघरी पोचलं. तिकीट काढण्याआधीच मुलांना जी.वनचा, म्हणजे शाहरुखने रंगवलेल्या गेममधल्या नायकाचा, निळा सूट पाठ झाला होता.

[स्टुडिओ. अंधारी खोली, ओळीने मॉनिटर.]

आता या खोलीत या. गोरेगावातला एक छोटा स्टुडिओ. इथे जे काम चालतं त्याला रोटो म्हणतात. सकाळी फलाटावर आम्ही पाच सेकंदांचं एक दृश्य टिपलं, तेच या मुलाला दिलंय. त्यातली ही बाई मागच्या गर्दीपासून वेगळी काढायची आहे, म्हणजे तिच्या मागे आग लावता येईल, भिंत पाडता येईल.

एका सेकंदाला चोवीस फ्रेम. पाच सेकंदांच्या एकशेवीस.

आधी डोकं, मग खांदा, मग हात, प्रत्येकाला वेगळी रेघ. रेघेवर बारीक ठिपके, आणि बाई हलली की ठिपके सरकवायचे. खांद्याचं काम भराभर होतं. अडतं ते ओढणीपाशी. गाडीच्या वाऱ्याने ती फडफडते, कड धूसर होते. कापड कुठे संपलं आणि हवा कुठे सुरू झाली, हे डोळ्यांनीच ठरवायचं. तो चार फ्रेम पुढे जातो, दोन मागे येतो, एक ठिपका केसभर आत घेतो. पुन्हा चालवून बघतो. कड थरथरली की पुन्हा तेच.

हे झालं की कॅमेऱ्याची हालचाल संगणकात जशीच्या तशी उभी करायची. मग धूळ, ठिणग्या, दगडांचे तुकडे. प्रत्येक तुकड्यावर उजेड कुठून पडतो, सावली कुठे जाते, ते बसवायचं. शेवटी कंपोझिटिंग, म्हणजे सगळे थर असे जुळवायचे की सांधा दिसू नये. ‘रा.वन’ थ्रीडीतही आणला होता. थ्रीडी करायचं म्हणजे डाव्या आणि उजव्या डोळ्यासाठी चित्र वेगवेगळं, आणि प्रत्येक वस्तूची खोली पुन्हा ठरवणं.

‘रा.वन’मधली ती सुसाट सुटलेली लोकल आठवा. आत नायिका सोनिया, गाडीला ब्रेक नाही, जी.वन ती अडवायला धावतोय आणि समोर हे टर्मिनस. किंवा तो प्रसंग, जिथे शरीर हजारो लहान-लहान चौकोनी ठोकळ्यांत फुटतं आणि पुन्हा जुळतं. आजही ते ठोकळे थांबवून बघा, काम पक्कं आहे. त्यातलं बरंचसं आपल्या मुंबईत, आपल्या माणसांनी, मान मोडेपर्यंत बसून केलेलं आहे.

[थिएटर. रिकाम्या खुर्च्या.]

चित्रपट कमी पडला तो लिहिण्यात. गोष्टीचा गाभा खरं तर सुंदर होता. मुलाला नायकापेक्षा खलनायक आवडतो, म्हणून बाप त्याच्यासाठी न हरणारा खलनायक बनवतो, आणि तोच खलनायक गेममधून बाहेर येऊन बापाचा जीव घेतो. मग बापाचाच चेहरा घेऊन जी.वन घरात येतो. त्या मुलाने त्याच्याकडे बघावं तरी कसं? इथे थांबायला हवं होतं. चित्रपट थांबत नाही. सुरुवातीचा बराच वेळ आचरट विनोदांत जातो, त्यातले काही मुलांना शेजारी बसवून ऐकवत नाहीत. तमिळ बाप नूडल्समध्ये दही कालवून हाताने खातो, हे हसण्यासाठी ठेवलंय. तमिळ प्रेक्षक दुखावले, ते बरोबरच होतं. आणि अर्जुन रामपालसारखा देखणा, थंड डोळ्यांचा खलनायक हाताशी असताना तो येतो फार उशिरा.

समीक्षकांनी लेखनाला झोडपलं, दुसरा भाग आला नाही, पण स्पेशल इफेक्ट्सचं राष्ट्रीय पारितोषिक मिळालं, आणि २०१३च्या ‘क्रिश ३’चे इफेक्ट्स ‘रा.वन’चे इफेक्ट्स करणाऱ्या रेड चिलीज व्हीएफएक्सकडेच गेले.

[पुन्हा स्टुडिओ. खिडकीबाहेर दिवे.]

संध्याकाळचे सात वाजलेत. एकशेवीसपैकी सत्तर फ्रेम झाल्या. चहा गार झालाय. ओढणी अजून बाकी आहे.