दोन सत्या

मंडळी, कमी पैशांत केलेल्या चांगल्या सिनेमाचा विषय निघाला की रामगोपाल वर्मांचा मुंबईच्या गुंडटोळ्यांवरचा ‘सत्या’ आजही पहिल्यांदा आठवतो. 3 जुलै 1998 ला तो लागला. त्यात स्टार नव्हते असं म्हणतात, ते निम्मंच खरं. ‘रंगीला’मुळे घराघरांत पोचलेली उर्मिला मातोंडकर त्यात होतीच. बाकीच्यांना मात्र लोक नावानं ओळखत नव्हते. मनोज बाजपेयी, सौरभ शुक्ला, गोविंद नामदेव, आदित्य श्रीवास्तव हे सगळे ‘बँडिट क्वीन’मध्ये येऊन गेले होते, पण चंबळच्या त्या धुळीत कुणाचा चेहरा कुणाला लक्षात राहणार?

आता आपण पडलो बेळगावकर. एका टॉकीजला हिंदी, दुसऱ्याला कन्नड, दोन्हीकडे आपली हजेरी. त्यामुळे ‘सत्या’ म्हटलं की मला त्याच्या तीन वर्षं आधीचा, 1995 चा ‘ओम’ आठवतो. उपेंद्रनं केलेला कन्नड सिनेमा, बंगळूरच्या रावडींचा, म्हणजे गुंडांचा. गंमत बघा, त्यात शिवराजकुमारच्या पात्राचं नावही सत्याच! पण तो सत्या पुजाऱ्याचा मुलगा. तो गुंड का झाला, याचं सविस्तर कारण सिनेमा देतो. हिंदीतला सत्या मुंबईत येतो तो कुठून, त्याचे आईबाप कोण, काही सांगितलेलंच नाही. सत्या झालेला जे. डी. चक्रवर्तीही चेहऱ्यावरची रेष हलू देत नाही.

याहून मोठा फरक पुढेच आहे. ‘ओम’मध्ये उपेंद्रनं बंगळूरच्या खऱ्याखुऱ्या रावडींनाच पडद्यावर आणलं, आणि प्रेक्षकांनी त्यांना नटासारख्या शिट्ट्या दिल्या. ‘सत्या’त होते नाटकातून घासूनपुसून आलेले नट, आणि ते खरे गुंडच वाटले. म्हणजे खरा माणूस उभा केला की सिनेमा खरा होतो, एवढं सोपं हे गणित नाही.

मग ‘सत्या’ खरा का वाटला? गोळीबारामुळे नाही, असं माझं मत. वाटला तो सत्याचा टोळीवाला दोस्त भिकू म्हात्रे, म्हणजे मनोज बाजपेयी, याच्या घरामुळे. बायको प्यारी आणि भिकू यांची भांडणं आठवा. बाहेर माणसं उडवणारा हा गडी घरी बायकोपुढे वरमतो, ओरडतो, पुन्हा लाडीगोडी लावतो. प्यारी झालेल्या शेफाली छाया, म्हणजे आताच्या शेफाली शाह, पडद्यावर फार वेळ नाहीत. तरी फिल्मफेअरचा समीक्षक पुरस्कार त्यांना मिळाला, तो उगाच नाही. म्हात्रे हिंदीत बोलतो, पण त्याला बघून आपल्याकडचा कुणीही म्हणेल, ‘ह्यो आमच्या गल्लीतलाच वाटूलालाय की!’

इथं सीमाभागाचा एक धागा आहे. आपल्या वाडवडिलांनी मुंबईसह संयुक्त महाराष्ट्राच्या घोषणा दिल्या. त्या घोषणेतली मुंबई वेगळी आणि पावसात चिंब, चाळी-खोल्यांची, म्हात्रे-झावळ्यांच्या टोळ्यांची मुंबई वेगळी. टोळीचा पुढारी भाऊ ठाकूरदास झावळे निवडणूक लढवतो, व्यासपीठावरून भाषणं ठोकतो आणि शेवटी ऐन गणपती विसर्जनाच्या गर्दीत मारला जातो. कपिलेश्वर तलावाकडे निघालेल्या मिरवणुकीत रेटारेटी सोसलेल्या माणसाला ती गर्दी समजावून सांगावी लागत नाही. चौपाटीवर ढोल वाजतोय, गुलाल उडतोय आणि सुरा कुठून आला ते शेजारच्यालाही कळत नाही. हा प्रसंग मला पूर्ण सिनेमात सगळ्यात पक्का वाटतो. सत्या आणि विद्या (उर्मिला) यांची गाणी मात्र रेंगाळतात, विशाल भारद्वाज आणि गुलजार असूनसुद्धा. तेवढ्यात बिनधास्त चहा घेऊन यावा.

सिनेमा सुरुवातीला संथ चालला, मग एकानं दुसऱ्याला सांगत सांगत गर्दी वाढली. राष्ट्रीय पुरस्कार बाजपेयींना मिळाला, तोही सहायक अभिनेत्याचा. आणि लोक थिएटरातून बाहेर पडले ते म्हात्रेलाच घेऊन! नाव सत्याचं, टाळ्या म्हात्रेला. वर्मा आणि लेखक अनुराग कश्यप, सौरभ शुक्ला यांनी म्हात्रेला भाऊच्या एका गोळीत, दोन शब्दही बोलायची उसंत न देता संपवलं. प्रेक्षकानं त्याला मरू दिलं नाही. नंतरच्या नकलाकारांनी त्याची शिवी उचलली, समुद्राकडे बघून आरोळी ठोकणं उचललं. प्यारीला कुणी हात लावला नाही. घरातली बाई लिहायला बंदुकीपेक्षा जास्त कष्ट पडतात, आणि तिथं बजेट कमी असल्याची सबबही चालत नाही.